गळतीला झोप नसते

मीटरमामाचं खरं नाव त्याच्या पगारपत्रकाला ठाऊक आणि बायकोला. बाकी सगळ्या गल्ल्यांना तो मीटरमामा. सव्वीस वर्षं तो पाणीखात्याचे मीटर वाचत हिंडला. आता मीटर म्हणजे काय देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे. तो असायचा जिन्याखाली, गटाराच्या कडेला, मोडक्या सायकलीमागं, नाहीतर जिथं कुत्रा बांधलेला असेल नेमका तिथं. मामा गुडघ्यावर बसायचा, लोखंडी आकड्यानं झाकण उचलायचा, झुरळं पांगेपर्यंत दम धरायचा, मग चिंधीनं काच पुसून वहीत आकडा टिपायचा. गुडघ्यांची पार चाळण झाली, पण नजर तयार झाली. वहीतला मागचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवले की घर त्याच्यापुढं उघडं व्हायचं. इथं लेक बाळंतपणाला आलीय. इथला म्हातारा अंथरुणाला खिळलाय, धुणं वाढलंय. इथला थोरला भांडून निघून गेला. हे सगळं त्याला कळायचं आणि त्याच्याच पोटात राहायचं.

एकदा एका आजीनं त्याला जिन्यातच गाठलं. "काय रे मीटरमामा, समोरच्या बाईकडं हल्ली कोण येतं? पाणी वाढलंय का तिचं?"

"तिचं मला दिसलं नाही, आजी. तुमचं मात्र घटलंय. आंघोळीला दांडी मारता की काय?"

आजीनं दार असं आपटलं की मीटरचं झाकण हाललं.

मामा खेड्यात वाढला होता. एखाद्या चुलीतून सकाळी धूर निघाला नाही तर दुपारपर्यंत सगळ्या आळीला खबर, अशातला. पण तिथं एक बरं होतं. बघणारा तुम्हालाही दिसायचा. तो तुमच्या अंगणात डोकावला तर तुम्हीही त्याच्या अंगणात डोकावून हिशेब फिटता करायचात. शहरात आल्यावर मामाला बंद दारं आवडली. त्यानं ती मनापासून मानली.

मग दोन वर्षांमागं नवे मीटर आले. हे स्वतःच बोलणारे. दर पंधरा मिनिटांनी कचेरीला आकडा धाडतात, ना झुरळ, ना कुत्रा. मामाला पडद्यासमोर खुर्ची मिळाली. पहिले चार दिवस गुडघे सुखावले आणि पाचव्या दिवशी मामा त्याच खुर्चीत अवघडला. वहीत त्याला दोन महिन्यांतून एकदा घर दिसायचं, तेही पाठमोरं. इथं कोण किती वाजता उठलं, कोण रात्रीतून तीनदा संडासला गेलं, सगळं रेघांनी काढून ठेवलेलं. आणि त्या घराला पत्ताच नाही की मामा बघतोय.

माणसाचा हात कुठं थांबतो म्हणा. त्यानं स्वतःच्या घराचा नंबर टाकून बघितला. रोज साडेअकराला एकदम साठ-सत्तर लिटर. तो घरात नसताना. धुणं तर बायको सकाळी सातलाच उरकते. मामाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन दिवस त्यानं दम काढला, तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "काय गं, साडेअकराला कोण येतं आपल्याकडं?"

बायकोचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"नाही, पाणी जास्त जातं तेव्हा."

तिनं ताट बाजूला सारलं. "मधल्या जावेचा नळ आटलाय म्हणून दोन बादल्या देते मी. आणि केस धुते. आणखी काय करते सांगू? की तुमच्या कचेरीतल्या डब्यात दिसतंच तेही?"

"तसं नव्हे गं…"

"काय वापरलं ते विचारा, घर तुमचंही आहे. कधी वापरलं ते विचारायचं नाही. नवरा आहात, चौकीदार नाही." ती उठली. पुढं आठ दिवस तिनं अंग धुताना नळ बंद ठेवून तांब्यातांब्यानं पाणी घेतलं, आणि मामाला ते पडद्यावर दिसत राहिलं. आपल्याच घरात आपण चोर झालो, असं त्याला वाटलं.

असं चाललेलं असताना एका सकाळी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. शेजारच्या खुर्चीत पंपवाला बसला होता. खात्याला पंप पुरवणारा, साहेबांचा शाळासोबती. उंच, गोरा, तोंडावर कायम हसू. मामा आत येताच तो उठला, मामाचा दंड धरला आणि म्हणाला, "मीटरमामा म्हणतात ते हेच ना? तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत हो."

कौतुक फुकटचं असलं की मामाला ते नेहमी शिळं लागायचं. पण लागलं गोडच.

"एक पाहणी आहे," साहेब म्हणाले. "पूर्वेकडच्या वस्त्यांतली एकेकट्या बायकांची घरं काढ. गेल्या तीन महिन्यांत ज्यांचं पाणी दुपटीच्या वर गेलंय, तेवढीच."

"बायकांचीच?"

"पाहणी तशी आहे."

पंपवाला हसत पुढं झुकला. "मामा, मला आपलं कुतूहल म्हणून विचारतो. घरात लहान मूल आलं असेल तर पाण्यावरून कळतं?"

आणि इथं मामा चुकला. सव्वीस वर्षांत कुणी त्याला त्याची विद्या विचारली नव्हती. सुताराला लाकडाचं विचारा, तो थांबतो का? मामाही थांबला नाही. "कळतं की! मोठ्या माणसाचं पाणी धबाधबा जातं. पोराचं तसं नसतं. दोन लिटर, पाच लिटर, परत दोन. चिमणी चोच मारते तसं दिवसभर. आणि दुपारी पोर झोपलं की सगळं घर चिडीचूप. एक ते चार रेघ खाली झोपलेली. त्यावरून तर वयही सांगतो मी."

"वय पण!" पंपवाल्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हसायचे थांबले. "अडीच वर्षांचं मूल असेल तर?"

"बघून सांगतो," म्हणत मामा उठला. कुतूहलाला अडीच वर्षं कशाला लागतात?

जाग्यावर येऊन त्यानं यादी काढली. सात घरं निघाली. तेवढ्यात साहेब बाहेर जाता जाता डोकावले, "किती?" आणि मामा "सात" म्हणून गेला. मग त्यानं एकेक रेघ उघडली. सातवी उघडली आणि त्याचा हात थबकला. पत्ता शिवणबाईंचा. वीस वर्षं त्यानं त्या घराचा मीटर वाचलेला. एकटी बाई, दिवसाला चार घागरी पाणी. आणि आता ही रेघ, चिमणीची चोच, दुपारी एक ते चार झोपलेली.

जेवायच्या सुट्टीत मामा एक जुनी पँट बगलेत मारून शिवणबाईंच्या गल्लीत गेला. दीड वाजला होता. या दारातून मशीनची घरघर आली नाही असा दिवस त्याला आठवत नव्हता. आज मशीन गप्प.

दार वीतभर उघडलं.

"पँट आखूड करायचीय, बाई."

"काम बंद आहे." मागं खुर्चीवर कपड्यांचा ढीग दिसत होता.

"एवढीशी तर आहे."

"भाऊ, वीस वर्षांत तुम्ही माझ्याकडं एक बटण लावायला आणलं नाही. आज पँट कुठून उगवली? कुणी पाठवलं तुम्हाला?"

मामा वरमला. गल्लीत पुढंमागं बघून तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडं तीन माणसं आहेत. त्यातलं एक अडीच वर्षांचं. आत्ता ते झोपलंय."

शिवणबाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या नळानं."

"नळ बोलायला लागला?"

"दर पंधरा मिनिटांनी. आज त्याचं बोलणं ऐकायला एक जण कचेरीत आला होता. उंच, गोरा, हसरा. बोलताना दंड धरतो."

आतल्या पडद्यामागून एक तरुण बाई बाहेर आली. शिवणबाईंची भाची. तिनं लांब बाह्यांचा कुडता घातला होता, त्या उकाड्यात. तिचा उजवा हात आपसूक डाव्या दंडावर गेला. "तोच आहे, मावशी," ती म्हणाली.

मग त्याला दारातून आत घेतलं. तीन महिन्यांपूर्वी ती लेकीला काखेत मारून निघाली होती. वकीलबाईंनी कोर्टात अर्ज टाकलाय, पंधरा दिवसांवर सोमवारी तारीख आहे. त्या दिवशी नवऱ्यानं जवळ फिरकू नये असा हुकूम मिळेल. तोवर पत्ता कुणालाही कळता कामा नये. पूर्वेकडं कुठंतरी तिची एक लांबची मावशी एकटी राहते, एवढंच नवऱ्यानं ऐकलं होतं. मागं एकदा पत्ता कळला होता, तेव्हा तो रडत रडत आला होता, पाया पडून घेऊन गेला होता. पुढचं तिनं सांगितलं नाही.

"ह्या दोघींची नावं कुठं नाहीत," शिवणबाई म्हणाल्या. "दुकानात मी एकटीच जाते. पोरीला खिडकीशी उभं करत नाही. फोन बंद. आणि शेवटी काय, आम्ही हात धुतले ते पकडलं?"

मामानं पँट परत बगलेत मारली. आपणच त्या माणसाला अडीच वर्षांच्या पोराची रेघ ओळखायला शिकवली, हे तर त्याच्या तोंडून फुटलंच नाही.

कचेरीत परतल्यावर त्यानं आपल्या अकलेप्रमाणं तोड काढली. पडद्यावर प्रत्येक घरापुढं कारणाचा रकाना असतो. पाहुणे, बांधकाम, गळती, माहीत नाही. गळती लिहिली की ते घर वापराच्या यादीतून गळतं आणि गळतीच्या शेकडो घरांत मिसळून जातं. मामानं शिवणबाईंच्या घरापुढं गळती टाकली आणि उरलेली सहा घरं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. सुटलो, असं त्याला वाटलं. वाटणारच. आयुष्यभर आकडा खरा लिहिलेल्या माणसाला खोटं कसं लिहायचं ते कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. नव्या इंजिनिअर, वय सव्वीस, बोलणं कमी. पडद्यावर त्यांच्या बोटांचा नुसता झिम्मा चाले.

"मामा, ही गळती तुम्ही टाकलीत?"

"हो. वॉशर गेलाय."

"दुपारी एक ते चार शून्य आहे."

"असेल."

"गळतीला झोप नसते, मामा. हे तुम्हीच शिकवलंय मला, पहिल्या आठवड्यात."

मामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कधी धरतो, कधी सोडतो. जुना नळ आहे."

मॅडमनी घराचा नंबर वहीत टिपला. "उद्या अकराला मी स्वतः बघायला येते. तुम्ही पण चला."

त्या गेल्या आणि मामाच्या मनात संशयाचं वारूळ फुटलं. ह्यांना एका नळासाठी स्वतः जायचं काय अडलंय? साहेबांनीच लावलं असणार. दुपारी चहाला मॅडम साहेबांच्या केबिनमधून बाहेर येताना त्यानं बघितल्या. चहा देणारी बाई आपल्याकडं जरा जास्तच बघतेय, असं वाटलं. शेजारचा कारकून फोनवर हळू बोलायला लागला तेव्हा मामानं श्वास रोखून ऐकलं. तो मुळव्याधीच्या डॉक्टरांची वेळ घेत होता.

कचेरी सुटताच मामा पक्कड घेऊन शिवणबाईंकडं गेला. मोरीतल्या नळाचा वॉशर काढला, ब्लेडनं त्याला चीर दिली, परत बसवला. नळ टिपटिपायला लागला. जरा आणखी सैल केला, करंगळीच्या नखाएवढी धार लागली.

"पाणी वाया घालवायचं पाप माझ्या मोरीत?" शिवणबाई कडाडल्या.

"थेंबही वाया जायचा नाही. त्याच्याखाली पिंप ठेवा. हात धुवायला, पोरीला न्हाऊ घालायला, सगळं पिंपातलं घ्यायचं. दुसऱ्या कुठल्या नळाला हात लावायचा नाही. नळ दिवसरात्र सारखा गळेल. मग कचेरीला नुसती सरळ रेघ दिसेल. घरात एक माणूस आहे की दहा, पोर आहे की हत्ती, कुणाच्या बापाला कळायचं नाही."

भाचीला बऱ्याच दिवसांनी हसू आलं असावं, कारण ते आल्यावर तिनं तोंडावर हात धरला.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम आल्या. शिवणबाई दारात उभ्या, हातात कापड कापायची मोठी कात्री. कुणी विचारलं तर काम चालू होतं, असं सांगायला. मॅडम मोरीत गेल्या, धारेखाली बोट धरलं, पिंपात डोकावल्या. पिंपाच्या कडेला एक प्लॅस्टिकचं बदक तरंगत होतं. मॅडमनी बदकाकडं बघितलं, मग नळाकडं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर गल्लीत आल्यावर त्या म्हणाल्या, "काल रात्रीपासून गळतोय नळ. त्याआधी नाही. कुणाला लपवताय?"

"तुम्ही कुणासाठी शोधताय?" मामा म्हणून गेला.

दोघंही थांबले. एक सायकलवाला घंटी वाजवत मधून गेला.

"साहेबांनी पाठवलं," मॅडम म्हणाल्या. "आधी सात होती, सहा कशी झाली, बघून या म्हणाले."

"मग काय सांगणार?"

"गळती आहे. डोळ्यांनी बघितली." त्या चालायला लागल्या. मामाच्या छातीवरचा दगड अर्धा सरकला. अर्धाच. आज हे म्हणाल्या, उद्या काय म्हणतील? मग दहा पावलांवर त्या वळून म्हणाल्या, "आणि मामा, बाकीच्या सहाजणींचं काय?"

मामा जागच्या जागी उभा राहिला. सहाजणी! त्या नव्या इमारतींतल्या होत्या. तिथं त्यानं कधी गुडघे टेकले नव्हते. त्याच्या लेखी ते नुसते नंबर होते. एकीला झाकायला त्यानं सहाजणी पुढं केल्या होत्या, आणि त्यांच्या घरांत कोण लपलंय हे त्याला काय ठाऊक?

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सव्वीस वर्षांची सवय पायांत परत आणली. पहिल्या दारी एका बाईची आई येऊन राहिली होती, त्या दोघी त्याला हसल्याच. दुसरं दार कुणी उघडलं नाही, आत मात्र पावलं वाजली. तिसऱ्या दारी साखळी लावूनच एक डोळा बाहेर आला. "पाहणीवाले सकाळी येऊन गेले की. गाडीतून. घरात कोण कोण राहतं विचारलं."

"सांगितलंत?"

"सरकारी होते ना ते?"

चौथ्या इमारतीखाली पंपवाल्याची गाडी उभी होती. मामा धापा टाकत जिना चढला. पंपवाला दारात, हातात मामानंच छापलेला कागद. आत एक बाई कडेवर पोर घेऊन उभी, पोर वर्षाचंसुद्धा नव्हतं.

"अरे मामा! तुम्ही इकडं?" त्यानं दंडाकडं हात नेला. मामा मागं सरला.

"बाई," मामा मोठ्यानं म्हणाला, "हे पाणीखात्याचे नाहीत. यांच्याकडं ओळखपत्र मागा. कुणाच्या सहीनं आले ते विचारा. तुमच्या पाण्याचा आकडा यांना कुणी दिला, तेही विचारा. मी दिला. माझं चुकलं."

समोरची, वरची, खालची दारं उघडली. पंपवाल्याचं हसू पहिल्यांदाच वाकडं झालं. तो कागद घडी करून खिशात घालत जिना उतरला, आणि उतरताना मामाच्या कानाशी म्हणाला, "सातवं कुठलं, ते तुम्हीच सांगाल मला."

मामा उरलेल्या दोन्ही दारांशीही जाऊन आला. चार दिवसांनी त्याच्या हातात नोटीस पडली. ग्राहकांची खासगी माहिती कचेरीबाहेर फोडल्याबद्दल चौकशी. बायकोनं ती दोनदा वाचली. "यादी मागणारा सुटला आणि ज्यांची यादी त्यांना सांगणारा अडकला? वा रे न्याय!" मग डोळे बारीक करून म्हणाली, "कुणाला वाचवताय ते मला सांगू नका. मला माहीत नसलेलं मी कुणाला सांगणार?"

चौकशी शुक्रवारी होती. कोर्टाची तारीख सोमवारी.

लांब टेबलामागं तिघं बसले होते. मधे साहेब, डावीकडं वरच्या कचेरीतून आलेले एक गृहस्थ, उजवीकडं एक बाई, जी बोलत नव्हती, नुसती लिहीत होती. बाजूच्या खुर्चीवर मॅडम. छताच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा काळा डोळा.

"सहा घरांत जाऊन तुम्ही सांगितलंत, हे कबूल?" गृहस्थांनी विचारलं.

"कबूल."

"यादी तुम्हाला कुणी काढायला लावली?"

"साहेबांनी. तोंडी."

साहेबांनी घसा साफ केला. "कचेरीच्या कामासाठी मागितली होती. ती बाहेर कशी गेली, हाच तर प्रश्न आहे. आणि यादी मुळात सातची होती. एक घर यांनी लपवलं." त्यांनी मॅडमकडं बघितलं. "तुम्ही पाहणी केलीत. काय होतं तिथं?"

मॅडमनी वही उघडली. मामानं जमिनीकडं बघितलं. वहीची पानं उलटायला इतका वेळ लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"गळती," मॅडम म्हणाल्या. "सतत चालू. दुरुस्ती बाकी आहे."

"पत्ता?"

"माझ्या वहीत नंबर आहे. तो हवा असेल तर कशासाठी हवा, ते लेखी द्या. मी पण लेखी देते."

गृहस्थांनी मामाकडं मान वळवली आणि आवाज मऊ केला. "हे बघा, तुमची चार वर्षं राहिलीत. सातवं घर कुठलं ते सांगा, आम्ही खात्री करून घेतो, कागद इथंच मिटेल. नाहीतर आजपासून घरी बसावं लागेल."

मामानं तिघांकडं नीट बघितलं. साहेब कुणाचे ते माहीत होतं. पण हे मऊ बोलणारे गृहस्थ कुणाचे? ती लिहिणारी बाई संध्याकाळी कुणाशी बोलते? मॅडमसुद्धा आज अशा, उद्या कशा? कोपऱ्यातला काळा डोळा हे सगळं कुणाच्या टेबलावर नेऊन ठेवतो? सव्वीस वर्षं तो आकड्यावरून माणसं ओळखत आला होता, आणि या खोलीतलं एकही त्याला ओळखता येईना.

त्यानं खुर्ची मागं सारली. गुडघे कटकन वाजले.

"सहाच होती," तो लिहिणाऱ्या बाईला म्हणाला. "लिहा तसं. सही करतो."